सभेचे कामकाज : समोरचा ठराव बदलायचा कसा?

राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे या महिन्यात सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ठराव आला, तो पुरता पटला नाही, पण पुरता नकोही नव्हता, मग करायचं काय? महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात माझी सारी नोकरी सभांची इतिवृत्तं लिहिण्यात झाली. तिथे या प्रश्नाचं उत्तर रोज कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून व्यासपीठाकडे जायचं. ठरावाच्या शब्दांत बदल सुचवणाऱ्या या चिठ्ठीला उपसूचना म्हणतात. सोसायट्या, मंडळं, वाचनालयं यांच्या सभांत हा हक्क जवळजवळ कुणी वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून यावेळची सगळी उत्तरं त्याच विषयावर.

आमची ४८ सदनिकांची सोसायटी आहे. विषयपत्रिकेवर 'इमारतीची बाह्य दुरुस्ती व रंगकाम करण्यासाठी प्रत्येक सभासदाकडून ४०,००० रुपये एकरकमी घेणे' असा विषय होता. काम गरजेचं आहे, कुणाचाच विरोध नाही. पण पेन्शनीवर जगणाऱ्या आम्हा काही जणांना एवढे पैसे एकदम देणं शक्य नाही. मी हप्त्यांचं सुचवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ठराव आहे तसा मंजूर करा नाहीतर नामंजूर करा. बदल हवा असेल तर १४ दिवसांची नोटीस काढून पुढच्या सभेत आणा." तेवढ्यात वेळ संपली आणि सभा तहकूब झाली. आता पुढच्या रविवारी हाच विषय पुन्हा येईल. अध्यक्षांचं म्हणणं बरोबर आहे का, ताई?
— एक सभासद, डोंबिवली

नाही, बरोबर नाही. आणि सभा तहकूब झाली हे तुमच्या दृष्टीने फार चांगलं झालं.

वार्षिक सभेसाठी आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, १४ पूर्ण दिवसांची नोटीस सांगितली आहे ती विषयासाठी. सभेत कशावर निर्णय होणार हे प्रत्येक सभासदाला आधी कळावं, एवढाच तिचा हेतू. दुरुस्ती, रंगकाम आणि त्यासाठीची वर्गणी हा विषय नोटिशीत आला, सभासदांना कळला. आता त्या विषयावरचा ठराव कोणत्या शब्दांत करायचा हे सभा ठरवेल. कमिटीने मांडलेले शब्द हा प्रस्ताव असतो. सभेत मांडला गेला की तो सभेच्या मालकीचा होतो.

ठराव बदलण्याचे प्रकार तीनच: शब्द घालणे, शब्द गाळणे, गाळून त्याजागी दुसरे घालणे. तुम्हाला तिसरा प्रकार लागेल. रविवारी जाताना हे वाक्य कागदावर लिहून न्या:

"मूळ ठरावातील 'एकरकमी' हा शब्द गाळून त्याऐवजी 'प्रत्येकी १०,००० रुपयांच्या चार समान तिमाही हप्त्यांत' हे शब्द घालावेत, अशी मी उपसूचना मांडतो."

तीन प्रती करा. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे, एक तुमच्या हातात. अनुमोदन देणारा सभासद आधीच ठरवून ठेवा आणि त्याला तुमच्या शेजारी बसवा. "हप्त्यांचं काहीतरी बघा" असं म्हणून खाली बसलात तर ती तक्रार झाली, तिच्यावर मत घेता येत नाही. अध्यक्षांना मत घ्यावंच लागेल अशी गोष्ट त्यांच्या हातात द्यायची, तर नेमके शब्द द्यावे लागतात.

उपसूचना मांडून झाली की मूळ ठरावावरची चर्चा थांबते. आता बोलायचं ते फक्त हप्ते की एकरकमी यावर. रंग कोणता, कंत्राटदार कोण, हे सगळं नंतर. मग उपसूचनेवर मत. ती मंजूर झाली तर ठरावाचे शब्द बदलले, नामंजूर झाली तर मूळचे शब्द कायम राहिले. दोन्ही वेळा, बदललेल्या किंवा न बदललेल्या, मुख्य ठरावावर पुन्हा मत घ्यायचं असतं. इथेच सगळीकडे घोटाळा होतो. उपसूचना मंजूर झाली की टाळ्या पडतात, खुर्च्या सरकतात, चहा येतो आणि ठराव मंजूर झाला असं सगळे धरून चालतात. तो झालेला नसतो. सभेने आतापर्यंत फक्त एवढंच ठरवलेलं असतं की पैसे घेतलेच तर हप्त्यांनी घ्यावेत. घ्यावेत की नाही हे अजून ठरायचं असतं.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. उपसूचनेला मत देणारा सभासद मुख्य ठरावाला बांधला जात नाही. तुमच्या इमारतीत कुणी या खर्चाच्या पूर्ण विरोधात असेल, तर त्यालाही हप्त्यांच्या बाजूने हात वर करता येतो आणि शेवटी ठरावाच्या विरुद्ध मत देता येतं. रविवारच्या आत अशा सभासदांशीही बोलून घ्या.

कोषाध्यक्षांनाही आधी भेटा. "कंत्राटदाराला पैसे कुठून देऊ?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर तयार ठेवा. बाहेरच्या कामाचे पैसे सहसा टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात: परांची बांधताना काही, प्लास्टर झाल्यावर काही, रंगाचा शेवटचा हात झाल्यावर उरलेले. त्या टप्प्यांचं वेळापत्रक मागून घ्या आणि तुमच्या हप्त्यांच्या तारखा त्याला जुळवून घ्या. माझ्या अनुभवात उपसूचना पडतात त्या बहुधा हिशेब न जुळवल्यामुळे.

मर्यादाही समजून घ्या. ४०,००० चे ३०,००० करा अशी उपसूचना चालेल. ७५,००० करा अशी चालू नये, कारण नोटिशीत ४०,००० वाचून "एवढं ठीक आहे" म्हणत घरी राहिलेल्या सभासदावर तो अन्याय होतो. त्याच ठरावाला "आणि गच्चीवर शेड घालावी" हे शेपूट जोडणंही चालणार नाही, तो वेगळाच विषय झाला. उपसूचना मूळ विषयाच्या कक्षेत हवी, हा नियम लोकसभेच्या कामकाज नियमांतही आहे.

एवढं करूनही अध्यक्ष ऐकेनात तर आवाज चढवू नका. "माझा हरकतीचा मुद्दा आहे" असं म्हणा, उपसूचना नाकारण्याचं कारण विचारा, आणि उपसूचना मांडली होती व ती अमुक कारणाने घेतली नाही अशी नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा. लेखी नोंद होणार म्हटल्यावर बरेच अध्यक्ष पुन्हा विचार करतात. हे रविवारीच व्हायला हवं, कारण एकदा ठराव झाला की तो रद्द करण्याचा ठराव सहा महिने आणता येत नाही, असं उपविधी सांगतात.

आमच्या वाचनालयाच्या सभेत 'वाचनालय रविवारी सकाळी उघडे ठेवावे' असा ठराव होता. एका सभासदाने उपसूचना दिली की 'ठेवावे' ऐवजी 'ठेवू नये' असे शब्द घालावेत. अध्यक्षांनी ती घेतली आणि तासभर गोंधळ झाला. हे योग्य होतं का?
— नाशिक

अयोग्य. नुसता नकार देणारी उपसूचना घ्यायचीच नसते. ज्याला रविवारी वाचनालय उघडं नको, त्याने मूळ ठरावाच्या विरुद्ध मत द्यावं, मार्ग तोच. 'सकाळी' ऐवजी 'सायंकाळी' चाललं असतं. 'पहिल्या व तिसऱ्या रविवारी' हेही चाललं असतं.

आम्ही भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांकडून बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्के घेतो. सभेत एकाने ते २५ टक्के करण्याची उपसूचना मांडली आणि ती सर्वानुमते मंजूर झाली. आता एक सभासद पैसे द्यायला तयार नाही. सर्वानुमते झालेला ठराव त्याच्यावर बंधनकारक नाही का?
— सचिव, वाशी

नाही. १० टक्क्यांची कमाल मर्यादा राज्य शासनाने २००१ साली आदेश काढून घातली आहे. कायदा, शासनाचा आदेश किंवा उपविधी यांच्याविरुद्ध जाणारी उपसूचना अध्यक्षांनी मतालाच टाकायची नसते. झाडून सगळ्यांनी हात वर केले तरी ती वैध होत नाही. ठराव दुरुस्त करून घ्या आणि जास्त घेतलेले पैसे परत करा.

इथल्या आमच्या मराठी मंडळाची घटना 'रॉबर्ट्स रूल्स'प्रमाणे चालते. कुणी बदल सुचवला की ठराव मांडणारा म्हणतो, "मला मान्य आहे, फ्रेंडली अमेंडमेंट समजा," आणि मत न घेताच ठराव बदलतो. मागच्या सभेत गणेशोत्सवाच्या तिकिटाचा दर असाच बदलला आणि नंतर भांडण झालं. हे नियमात बसतं का?
— न्यू जर्सी, अमेरिका

बसत नाही, आणि तुमच्याच नियमपुस्तकात बसत नाही. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकी सैन्यातले अभियंता अधिकारी. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड इथे त्यांना एका सभेचं अध्यक्षपद घ्यावं लागलं आणि सभा कशी चालवायची हे ठाऊक नसल्यामुळे त्यांची फार अडचण झाली. त्यानंतर त्यांनी हा विषय मुळापासून अभ्यासला आणि १८७६ मध्ये आपलं पुस्तक छापलं. आज अमेरिकेतल्या असंख्य संस्था त्यावर चालतात.

त्यातला नियम असा: अध्यक्षांनी ठराव सभेपुढे ठेवला की त्यावर मांडणाऱ्याची मालकी उरत नाही. त्याआधी तो शब्द बदलू शकतो, ठराव मागेही घेऊ शकतो. त्यानंतर त्याचं मत इतर सभासदांच्या मताएवढंच. म्हणून 'मला मान्य आहे' याला त्या टप्प्यावर वजन नाही. बदल सगळ्यांना मान्य असेल तर अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचावा आणि विचारावं, "या बदलाला कुणाची हरकत आहे का?" कुणीच बोललं नाही तर बदल झाला. एकाने जरी हरकत घेतली तर चर्चा आणि मत. यात अर्धं मिनिट जातं, आणि तुमच्याकडे झालं तसं भांडण टळतं.

त्याच पुस्तकातली आणखी एक सोय आपल्या मंडळांनी उचलावी अशी आहे: उपसूचनेवर उपसूचना चालते, पण तिसरी पायरी चालत नाही. "१५ डॉलर" ऐवजी "२० डॉलर" ही उपसूचना. त्यात "विद्यार्थ्यांखेरीज इतरांना" हे जोडणं ही उपसूचनेवरची उपसूचना. तिथे थांबायचं, आधी आतली निकालात काढायची, मग बाहेरची, मग मुख्य ठराव. याहून खोल गेलं तर सभेत बसलेल्या कुणालाच आपण कशावर हात वर करतोय ते कळत नाही.

आमच्या आळीच्या गणेशोत्सव मंडळात वर्गणी किती यावरून दर वर्षी वाद होतो. कुणी ३०० म्हणतं, कुणी ५००, कुणी ७००, कुणी १,०००. चार उपसूचना येतात आणि पहिली मताला टाकावी की शेवटची यावरच दीड तास जातो. काही सोपी पद्धत आहे?
— कार्यकर्ता, सातारा

आहे, आणि ती फार सुंदर आहे. आकड्याचा प्रश्न असेल तिथे उपसूचना घेऊच नका. ठरावात जागा मोकळी सोडा: 'यंदाची वर्गणी प्रत्येक घरामागे ____ रुपये असावी.' मग ज्याला जो आकडा सुचवायचा तो सुचवू द्या, अनुमोदनाची गरज नाही. सगळे आकडे फळ्यावर लिहा आणि सर्वांत मोठ्यापासून मत घेत खाली या.

मोठ्यापासून का? समजा सभेला ४० जण आहेत. १,००० रुपयांना ७ हात येतात. पडला. मग ७००. ज्यांना हजार चालणार होते त्यांना सातशेही चालतात, त्यामुळे ते सात आणि आणखी काही, असे १५ हात. पडला. ५०० ला २६ हात येतात, निम्म्याहून जास्त. थांबा, ५०० भरले. उलट खालून सुरुवात केलीत तर ३०० रुपयांना जवळजवळ सगळेच हात वर करतील आणि मोठ्या आकड्यांची पाळीच येणार नाही. मंडळाला काही विकायचं असेल, समजा जुना मंडप, तर मात्र उलटं करा आणि लहान आकड्यापासून वर चढा. सभेला सर्वांत नकोसा असणारा आकडा आधी, हे सूत्र.

जागा भरली म्हणजे ठराव झाला नाही, हे इथेही लक्षात ठेवा. भरलेल्या आकड्यासह पूर्ण ठराव वाचायचा आणि शेवटचं मत घ्यायचं.

मी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत सर्वांत लहान आहे. दोनदा उपसूचना मांडली, दोन्ही वेळा पडली, आणि आता ज्येष्ठ मंडळी माझ्याशी तुटक वागतात. "ही विरोधकच आहे" असं एक काका म्हणाले. पडणारच असेल तर उपसूचना मांडायची कशाला?
— अमरावती

तुमच्या पत्रावर मी सर्वांत जास्त वेळ विचार केला, कारण तुम्ही अमरावतीच्या आहात आणि उत्तरही तुमच्याच गावाशी जोडलेलं आहे.

आपल्या राज्यघटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष संविधान सभेत मांडल्या गेल्या. पुष्कळशा पडल्या. सभेचे एक सभासद के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी पहिल्याच अनुच्छेदात भारत हे 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' असे राज्यांचे संघटन असेल, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेत ते बांधून टाकू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती पडली. पण दोन्ही बाजू शब्दन् शब्द नोंदल्या गेल्या आणि आजही वाचता येतात. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यातले दोन शब्द उद्देशिकेत आले. ते यायला हवे होते की नको यावर आजही वाद होतो, आणि त्या वादातले दोन्ही पक्ष १९४८ च्या त्याच चर्चेकडे परत जातात.

आता तुमच्या काकांसाठी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, मसुदा पुरा झाल्यावर, बाबासाहेबांनी केलेल्या भाषणात त्यांना सतत अडवणाऱ्या, सतत दुरुस्त्या आणणाऱ्या सभासदांचा नावं घेऊन उल्लेख आहे. त्यातल्या काहींना ते बंडखोर म्हणतात. ही मंडळी नसती तर सभेचं कामकाज निरस झालं असतं, आणि त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. त्या नावांत कामथ आहेत, के. टी. शहा आहेत, पंडित कुंझरू आहेत, आणि तुमच्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही आहेत. तेच पंजाबराव पुढे स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले.

विरोधक कोण? ज्याला ठराव पाडायचाच आहे तो. उपसूचना मांडणाऱ्याला ठराव मंजूर व्हावा असंच बहुधा वाटत असतं, फक्त आपल्यालाही त्याला मत देता यावं एवढी जागा तो मागतो. काकांना हे स्पष्ट सांगा, आणि सभेतच सांगा: "या ठरावाला माझा पाठिंबा आहे, त्यात पुढील बदल व्हावा अशी माझी उपसूचना आहे." सुरुवातीचं हे अर्धं वाक्य अजिबात गाळू नका. आणि पुढची उपसूचना मांडण्याआधी ती ज्यांच्या ठरावाला आहे त्यांना आदल्या दिवशी दाखवा. मोठ्या माणसांना चार लोकांसमोर अचानक दुरुस्त केलेलं खुपतं, घरी जाऊन विचारलेलं आवडतं. कदाचित ते स्वतःच आपल्या ठरावात तो बदल करून आणतील. मग तुमचं नाव इतिवृत्तात येणार नाही, पण काम होईल.

सभेत ठराव दोन उपसूचनांसह मंजूर झाला. घाई होती म्हणून अध्यक्षांनी "उपसूचना वाचल्या असे समजावे" म्हटलं. इतिवृत्त हाती आलं त्यात फक्त 'ठराव सर्वानुमते मंजूर' एवढंच आहे. आता कमिटी मूळ शब्दांप्रमाणे काम करते आहे. काय करावं?
— ठाणे

"वाचल्या असे समजावे" हे शब्द मी कामाच्या आयुष्यात फार ऐकले आणि ते मला कधीच पटले नाहीत. ज्या चिठ्ठीत काय लिहिलंय हे सभेला कळलेलं नाही, तिच्यावर घेतलेलं मत हे मत नव्हेच. पालिकांच्या मोठाल्या सभांतही सर्वांत जास्त संशय निर्माण होतात ते शेवटच्या पाच मिनिटांत न वाचता मंजूर झालेल्या कागदांवरून. पुन्हा कधी कुणी असं म्हटलं तर उभं राहून एवढंच म्हणा: "मतदानापूर्वी ठराव बदललेल्या शब्दांसह पूर्ण वाचावा." एका सभासदानेही हे मागितलं तर अध्यक्षांनी ते मानायला हवं.

आता झालेल्या गोष्टीचं. सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात उपसूचना कुणी मांडली, कुणी अनुमोदन दिलं आणि तिचे नेमके शब्द काय होते ते लिहा. ज्यांनी त्या मांडल्या त्यांच्याकडे चिठ्ठीची प्रत असेल तर जोडा. सभेला हजर असलेल्या आणखी काही सभासदांच्या सह्या घ्या. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. तो "कायम" असं म्हणून पुढे ढकलू देऊ नका. तिथे उठून दुरुस्ती सुचवा. इतिवृत्तात नोंद अशी हवी: 'श्री. अमुक यांनी उपसूचना मांडली की, …. श्री. तमुक यांनी अनुमोदन दिले. उपसूचना बहुमताने मंजूर. उपसूचनेसह ठराव पुढीलप्रमाणे मंजूर : ….' दोन्ही ठिकाणी टिंबांच्या जागी पूर्ण मजकूर हवा. आणि 'सर्वानुमते' हा शब्द एकही हात विरुद्ध गेलेला नसेल तरच.